उडत्या शिकारी पक्ष्यांचे फोटो दरवेळी सॉफ्ट, म्हणजे धूसर, येतात? लेन्स दुरुस्तीला टाकण्याआधी हे तपासा

दिवाळी सरली, हरभऱ्याची पेरणी उरकली, की मराठवाड्याच्या माळरानांवर आणि जायकवाडी धरणाच्या गाळपेऱ्यात (पाणी ओसरल्यावर पेरलेल्या जमिनीत) भोवत्या, म्हणजे हॅरिअर, दिसायला लागतात. त्यांच्या पाठोपाठ ठरलेली तक्रारही येते. "सहाशे मिलिमीटरची लेन्स घेतली, पण उडत्या पक्ष्याचा एक फोटो धड येत नाही. लेन्समध्येच फॉल्ट आहे का?" हीच तक्रार घेऊन आलेली अनेकांची किट्स मी तपासली आहेत. बहुतेक वेळा लेन्स ठणठणीत निघते. दोष हवेत असतो, अंतरात असतो, नाहीतर एखाद्या बटणात असतो. दुरुस्तीला टाकलेली लेन्स कित्येक दिवस अडकते आणि तेवढ्यात हंगाम निघून जातो, म्हणून तपासणीचा क्रम महत्त्वाचा.

फोटो शार्प हवा तो फक्त दिसायला छान म्हणून नव्हे. पॅलिड हॅरिअर आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संस्थेच्या यादीत संकटसमीप आहे, स्टेपी गरुड २०१५ पासून संकटग्रस्त गटात आहे. आपल्या शिवारात असा पक्षी आला होता, याचा पुरावा बरेचदा एखाद्याच फोटोवर उभा असतो. पॅलिडच्या नराच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते आणि माँटेग्यू हॅरिअरच्या नराच्या पंखावर काळी आडवी पट्टी, हे लांबूनही कळतं. पण माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं तपकिरी असतात. त्यांची ओळख गळ्याभोवतीच्या फिकट कॉलरवर आणि पंखाखालच्या पट्ट्यांवर ठरते, आणि सॉफ्ट फोटोत नेमकं तेच आधी पुसलं जातं.

लक्षणं: आधी फोटो नीट वाचा

कॉम्प्युटरवर मूळ फाइल शंभर टक्के झूम करून बघा. फक्त पक्ष्याकडे पाहू नका, पूर्ण फ्रेम बघा. कुठे काय शार्प आहे, यावरून अर्धं निदान होतं.

पक्षी मऊ, पण मागची तूर किंवा गवताची पाती लख्ख: फोकस मागे गेलाय. कॅमेऱ्याने पक्षी सोडून रान पकडलं.

डोकं, डोळा चांगला, पण पंखांची टोकं पुसलेली: शटरचा वेग कमी पडला.

फ्रेममधलं सगळंच एका दिशेला ओढल्यासारखं: हात हलला किंवा पॅनिंग, म्हणजे पक्ष्यासोबत कॅमेरा फिरवणं, त्याच्या वेगाशी जुळलं नाही.

पक्ष्याच्या कडा वितळल्यासारख्या, एकाच बर्स्टमधल्या (सलग झटपट घेतलेल्या फोटोंमधल्या) प्रत्येक फ्रेमला वेगळा आकार, आणि शेजारचा स्थिर बांधही तसाच थरथरलेला: ही उन्हाची झळ आहे.

बर्स्टच्या पहिल्या तीन-चार फ्रेम गेलेल्या, पुढच्या चांगल्या: फोकस उशिरा बसतोय. उलट, आधी चांगल्या आणि मध्येच गेलेल्या: ट्रॅकिंग सुटतंय.

कुठेही, काहीही, कधीच शार्प नाही, झाडावर निवांत बसलेला कापशी (लहान पांढरट घार) सुद्धा नाही: आता कुठे फिल्टर, कॉन्टॅक्ट किंवा लेन्सवर संशय घ्यायला जागा आहे.

ही शेवटची ओळ सोडली, तर बाकी सगळी लक्षणं एक रुपयाही खर्च न करता घरी आणि रानात सुटतात.

पहिली तपासणी: तुम्ही बघताय तो फोटो मूळ आहे का?

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल लहान होते आणि पिसांचा बारीक पोत त्यात टिकत नाही. ग्रुपवर आलेल्या फोटोवरून लेन्सला दोष देणारे मला दर हंगामात भेटतात. मूळ रॉ (प्रक्रिया न झालेली फाइल) किंवा कॅमेऱ्यातली जेपेग उघडा. जेपेग काढत असाल तर कॅमेऱ्यातलं नॉइज रिडक्शन (दाणे पुसणारी सोय) किती ठेवलंय तेही बघा. जास्त आयएसओला (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता वाढवल्यावर) ते पिसं मेणासारखी करून टाकतं.

याच टप्प्यावर एक्स्पोजरही बघून घ्या. काळ्या रानावरून जाणारा पॅलिड नर जवळजवळ पांढरा दिसतो. कॅमेरा गडद जमीन मोजतो, फ्रेम उजळ करतो आणि पक्षी पांढराफटक जळतो. पिसांचा तपशील उरत नाही आणि माणसाला वाटतं फोकस गेला. अशा वेळी एक्स्पोजर अर्धा ते एक स्टॉप खाली आणा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट). पांढऱ्या आभाळावर गडद गरुड असेल तर उलट, एक स्टॉप वर.

फिल्टर काढा

लेन्सच्या तोंडावर संरक्षण म्हणून स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर तो काढून ठेवा आणि त्याच जागेवरून, त्याच प्रकाशात पुन्हा फोटो घ्या. लांब पल्ल्याच्या लेन्सवर सपाट नसलेली काच प्रतिमा बिघडवते आणि ऑटोफोकसलाही गोंधळात टाकते. काचेला संरक्षण हवं असेल तर हूड, म्हणजे लेन्सच्या तोंडावरची नळी, पुरेसं आहे. हूड काढून बॅगेत ठेवणारे बरेच जण दिसतात, ते कायम लावलेलं असू द्या. लेन्सची पुढची काच उजेडात तिरपी धरून बोटाचे ठसे आणि धुळीचा थरही बघा. आपल्याकडची काळी माती वाळली की फार बारीक उडते. आधी ब्लोअर, मग मऊ कापड. कोरडं कापड थेट घासलं तर धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात.

टेलिकन्व्हर्टर (लेन्स आणि कॅमेऱ्यामध्ये बसणारं, पल्ला वाढवणारं भिंग) लावला असेल तर तोही काढा. एफ ६.३ च्या झूमवर १.४ पट कन्व्हर्टर लावला की छिद्र एफ ९ चं होतं (आकडा मोठा, तितकं छिद्र लहान), आणि बहुतेक डीएसएलआरचा, म्हणजे आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याचा, ऑटोफोकस एफ ८ च्या पुढे भरवशाने चालत नाही. त्यात बिघाड काही नसतो, ती त्या कॅमेऱ्याची मर्यादा आहे.

झळ: मराठवाड्यात सर्वांत जास्त फोटो हिनेच खाल्लेत

यावर मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण लेन्सच्या नावाने येणाऱ्या तक्रारींत सर्वाधिक वाटा हिचाच असतो.

आपली जमीन काळी आणि सपाट. नांगरलेलं रान ऊन पडल्यापासून थोड्याच वेळात तापायला लागतं. जमिनीलगतची हवा गरम होऊन वर जाते, वरची थंड हवा खाली येते, आणि या हलत्या थरांतून येणारा प्रकाश प्रत्येक क्षणी किंचित वेगळा वाकतो. डोळ्याला हे दुपारच्या डांबरी रस्त्यावर दिसतं, पण सहाशे मिलिमीटरची लेन्स ते हिवाळ्यातल्या सकाळी साडेनऊलाही पकडते. गार वारं सुटलेलं असतं म्हणून माणसाला वाटतं, झळ कुठली आलीय. पण खेळ जमीन आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकाचा आहे. रात्री कडक थंडी आणि सकाळी लख्ख ऊन, अशा दिवशी तर तो फरक जास्तच असतो.

ओळखायचं कसं? शे-दीडशे मीटरवरचा बांधाचा दगड किंवा विजेचा खांब धरा, शटर १/२००० ठेवा आणि दहा फ्रेमचा बर्स्ट घ्या. कॅमेरा स्थिर, खांब स्थिर, तरीही खांबाची कड प्रत्येक फ्रेममध्ये वेगळी वाकलेली दिसली तर तिथेच थांबा. त्या दिवशी, त्या अंतरावर कुठलीही सेटिंग हा प्रश्न सोडवणार नाही. शटर वाढवून उपयोग नाही, छिद्र लहान करून उपयोग नाही, महागडी लेन्स आणूनही नाही.

यावर मार्ग तीन. पहिला, वेळ बदला. डिसेंबरात सूर्य सातच्या आसपास उगवतो. हॅरिअर रात्री गवतात जमिनीवर मुक्काम करतात आणि उजाडताना शिकारीला निघतात, म्हणजे पक्षी खाली आणि हवा शांत, दोन्ही एकत्र मिळण्याचा तास-दीड तास तोच. दुसरा, अंतर कमी करा, पण पक्ष्याच्या मागे धावून नाही. हॅरिअर बांधाच्या रेषेने, पिकाच्या कडेने ठरलेल्या फेऱ्या घालतो. त्या रेषेच्या जवळ आधीच जाऊन बसा आणि त्याला येऊ द्या. तिसरा, कोन बदला. जमिनीला समांतर बघताना प्रकाश पूर्ण अंतर तापलेल्या थरातून येतो. डोक्यावर घिरट्या घालणाऱ्या गरुडाकडे बघताना मात्र त्या थराचा थोडाच भाग आड येतो. म्हणून माझी वाटणी अशी असते: उजाडल्यावर हॅरिअर, आणि दहानंतर जमीन तापून हवेचे उष्ण झोत उठले की त्यांवर चढणारे पिंगट गरुड, स्टेपी गरुड, सापमार गरुड. दौलताबाद, अजिंठ्याच्या डोंगरकड्यांवर मोरघारही याच वेळी वर येते.

गाडीची झळ वेगळीच. इंजिन चालू ठेवून किंवा नुकतंच बंद करून बॉनेटच्या दिशेने फोटो घेतला तर गरम हवेचा पडदा थेट लेन्ससमोर असतो. थंडीत हीटर लावून आणि काच अर्धी उघडून फोटो काढणाऱ्यांचंही तेच होतं, आतली गरम हवा नेमकी लेन्सच्या तोंडावरून बाहेर पडते. इंजिन बंद करा, सगळ्या काचा खाली करा, पाच-दहा मिनिटं थांबा. गाडीवर पक्षी फारसा बुजत नाही. दार उघडून उतरलात की उडतो.

आणखी एक. उसाचं पाचट पेटवलेल्या दिवसांत खालच्या थरात धूर साचतो. तेव्हा फोटो वितळत नाही, फिकट पडतो, आणि कॉन्ट्रास्ट कमी झाल्यामुळे फोकस मागेपुढे शोधत बसतो. दिशा बदला, नाहीतर त्या दिवशी दुसरा माळ धरा.

अंतराचं गणित

अपेक्षाच जास्त असते, हा प्रश्न मला वारंवार दिसतो, म्हणून एकदा आकडे मांडतो. फुल फ्रेम कॅमेरा, सहाशेची लेन्स, शंभर मीटरवरचा पक्षी. फ्रेमची रुंदी तिथे सहा मीटर भरते. चोवीस मेगापिक्सेलचा सेन्सर असेल तर रुंदीत सहा हजार पिक्सेल, म्हणजे एक पिक्सेल एक मिलिमीटर. हॅरिअरचा पंखविस्तार साधारण एक मीटर ते एक मीटर वीस सेंटिमीटर. पूर्ण पक्षी हजार-बाराशे पिक्सेलमध्ये आला आणि डोक्याच्या वाट्याला पन्नास-साठ पिक्सेल आले. अंतर दोनशे मीटर केलं की डोकं पंचवीस-तीस पिक्सेलवर येतं. त्यात डोळ्याची चमक शोधणं म्हणजे लेन्सवर अन्याय आहे. एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यात पिक्सेल थोडे जास्त मिळतात, पण झळही तितकीच मोठी होऊन येते.

क्रॉप केल्यावर सॉफ्ट दिसणारा फोटो क्रॉप न करता बघा. तो तिथे ठीक असेल तर दोष अंतराचा.

शटर आणि स्टॅबिलायझर

वरचंच गणित पुढे नेऊ. ताशी तीस किलोमीटरने आडवा जाणारा पक्षी सेकंदाला आठ मीटरहून थोडं जास्त जातो. १/५०० शटरला तो साधारण सोळा मिलिमीटर सरकतो. कॅमेरा त्याच्यासोबत फिरला नाही, तर शंभर मीटरवर सोळा पिक्सेलचा फराटा उमटतो. १/२००० ला तोच चारवर येतो. पंखाचं टोक याहून वेगाने हलतं. म्हणून आरामात तरंगणाऱ्या हॅरिअरला १/१६०० ते १/२०००, आणि तुरुमती, लग्गड, बहिरी ससाणा असेल तर १/३२०० च्या आसपास. मॅन्युअल मोड, छिद्र पूर्ण उघडं किंवा फार तर एफ ८, आयएसओ ऑटो. सकाळी आयएसओ २५०० ला गेला तरी चालेल. दाणे नंतर कमी करता येतात, हललेला फोटो सावरता येत नाही.

लेन्सच्या स्टॅबिलायझरला (हाताची थरथर रोखणाऱ्या सोयीला) एकाहून जास्त मोड असतील तर पॅनिंगचा लावा. साधा मोड तुमचं जाणूनबुजून केलेलं फिरवणंही थरथर समजून रोखायला बघतो आणि काही लेन्सवर व्ह्यूफाइंडरमधलं चित्र उडी मारतं. १/२००० च्या पुढे तो बंद करून बघायलाही हरकत नाही. दोन्ही प्रकारे घारीवर बर्स्ट घ्या आणि तुमच्या लेन्सला काय मानवतं ते ठरवा. सरावाला घारीसारखा पक्षी नाही. गावाबाहेरच्या उकिरड्यावर, बाजारतळावर त्या दिवसभर मिळतात.

फोकसची बटणं

लेन्सच्या अंगावर फोकस लिमिटरचा खटका असतो. तो पूर्ण पल्ल्यावर असेल तर पक्षी एकदा सुटल्यावर फोकस पार जवळपासून अनंतापर्यंत फेरफटका मारून येतो. तोवर पक्षी शिवार ओलांडून गेलेला असतो. लांबच्या पल्ल्यावर ठेवा. पहिल्या फ्रेम गेलेल्या असण्याचं सर्वांत मोठं कारण हाच खटका.

दुसरं कारण, पक्षी येण्याआधी लेन्स कुठे फोकस करून ठेवली होती. पक्षी ज्या अंतरावरून जाणार, तेवढ्यावरची बाभूळ आधी पकडून ठेवा. मग फोकसला उरलेलं काम थोडंच असतं. झूम असेल तर चारशेवर पक्षी शोधा, पकडला की सहाशेवर जा.

कॅमेऱ्यात सतत फोकसचा मोड हवा, कुठे त्याला एएफ-सी म्हणतात, कुठे एआय सर्वो. एकेरी मोड राहून गेल्याचं मी नवीन कॅमेऱ्यांतही पाहिलंय. मोकळ्या आभाळावर मोठा झोन किंवा पक्षी ओळखणारा मोड उत्तम चालतो. ज्वारीच्या ताटांसमोरून, पऱ्हाटीवरून खालून जाणाऱ्या हॅरिअरला मात्र लहान झोन किंवा एक बिंदू आणि त्याच्या शेजारचे बिंदू घ्या, कारण मोठ्या झोनला मागचं पीक जास्त ठळक वाटतं. पीक किंवा बाभूळ मध्ये आली की फोकस लगेच तिच्यावर उडी मारत असेल, तर ट्रॅकिंगची संवेदनशीलता कमी करा, म्हणजे कॅमेरा क्षणभर थांबेल आणि जुन्या पक्ष्यालाच धरून राहील.

बर्स्ट मध्येच अडखळत असेल तर कार्डही तपासा. हळू कार्डामुळे बफर (कॅमेऱ्यातली तात्पुरती साठवण) भरतो. फोटो सॉफ्ट येत नाही, पण नेमका क्षण हुकतो.

कॉन्टॅक्ट, माउंट, फर्मवेअर

कॅमेरा बंद करा, लेन्स काढा, तोंड खाली धरा. माउंटवरचे सोनेरी कॉन्टॅक्ट स्वच्छ कोरड्या मायक्रोफायबर कापडाने हलके पुसा. खोडरबर, पॉलिश पेपर लावू नका, मुलामा निघतो. लेन्स बसवून हलकेच हलवून बघा. किंचित खेळ सगळ्याच माउंटना असतो, पण खडखड वाजत असेल तर माउंटचे स्क्रू सैल असू शकतात. ते स्वतः पिळू नका, पुढे लिहिलंय. दुसऱ्या कंपनीची लेन्स असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर फर्मवेअर (लेन्सच्या आतलं सॉफ्टवेअर) बघा. कॅमेऱ्याचं अपडेट झाल्यावर जुनी लेन्स अडखळायला लागली आणि लेन्सचं अपडेट केल्यावर सुरळीत झाली, असं होतं.

भिंतीची चाचणी

हे सर्व करूनही बसलेला पक्षी सॉफ्ट येत असेल, तरच इथे या. सकाळी लवकर, ट्रायपॉडवर, वीस-तीस मीटरवरच्या सावलीतल्या भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवा. स्टॅबिलायझर बंद, टायमरने शटर. दर वेळी आधी फोकस बिघडवून, मग व्ह्यूफाइंडरमधून फोकस करून पाच-सहा फोटो घ्या आणि लाइव्ह व्ह्यूमधून (मागच्या स्क्रीनवर बघून) तितकेच. डीएसएलआरमध्ये लाइव्ह व्ह्यूचे सगळे चांगले आणि व्ह्यूफाइंडरचे सगळे सॉफ्ट आले, तर फोकस ठरावीक अंतराने पुढे किंवा मागे बसतोय. बऱ्याच डीएसएलआरमध्ये एएफ फाइन ट्यून (फोकस किंचित पुढेमागे सरकवण्याची सोय) असतं, त्यात पाच-पाचच्या पायरीने दोन्ही दिशांना जाऊन बघा. मिररलेसमध्ये सेन्सरवरूनच फोकस होतो, म्हणून ही भानगड सहसा येत नाही.

मग फ्रेमचे चारही कोपरे बघा. एक बाजू स्पष्टपणे मऊ असेल तर कॅमेरा उलटा करून पुन्हा फोटो घ्या. मऊपणा फ्रेमच्या त्याच बाजूला राहिला तर लेन्सच्या आतली काच सरकलेली असण्याची शक्यता आहे. भिंतीच्या त्याच बाजूला राहिला तर कॅमेरा भिंतीला समांतर नव्हता.

इथे थांबा, तंत्रज्ञाकडे जा

लेन्स पडली असेल. फोकस करताना घरघर, खरखर येत असेल. ठरावीक झूमवर एरर येत असेल. फाइन ट्यून टोकापर्यंत नेऊनही फोकस बसत नसेल. एक बाजू सतत मऊ असेल. टॉर्च मारल्यावर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे धागे दिसत असतील. माउंट सैल असेल. यातलं एकही असलं तरी पुढे हात लावू नका. आतल्या काचा अतिशय पातळ चकत्यांवर नेमक्या जागी बसवलेल्या असतात. उघडून पुन्हा बसवताना त्या हलल्या, तर आधी नसलेला दोष कायमचा येतो. साध्या कॅमेरा दुकानात "बघतो उघडून" म्हणणाऱ्यालाही देऊ नका. वॉरंटी असेल तर अधिकृत केंद्रच, त्यासाठी पुण्या-मुंबईला कुरिअर करावं लागलं तरी. बुरशी असेल तर उशीर करू नका, ती काचेच्या कोटिंगमध्ये उतरली की पुसूनही डाग राहतो. तोवर ती लेन्स दुसऱ्या लेन्ससोबत एका डब्यात ठेवू नका.

पाठवताना कॅमेरा आणि लेन्स दोन्ही पाठवा. भिंतीच्या चाचणीच्या मूळ फाइल पेनड्राइव्हवर द्या, "फोटो सॉफ्ट येतात" एवढंच लिहू नका. कुठल्या झूमवर, कुठली बाजू, किती अंतरावर, ते लिहा. पावतीवर दोन्हींचे सीरियल नंबर आणि खर्चाचा लेखी अंदाज घ्या.

एका ठिकाणी तंत्रज्ञही कामाचा नाही, तिथे तुम्हीच थांबायचं. जवळून फोटो मिळावा म्हणून हॅरिअरच्या मुक्कामाच्या गवतात संध्याकाळी शिरू नका. तिथून उठवलेला पक्षी अंधारात नवी जागा शोधतो. घरट्याजवळ तर जाऊच नका. तुमच्यामुळे पक्ष्याने वाट बदलली, तर तुम्ही जास्त जवळ आहात. जायकवाडी १९८६ पासून अभयारण्य आहे, तिथे फोटोग्राफीसाठी वन विभागाची परवानगी आधी काढा.

लेन्स दुरुस्त होऊन आली की थेट माळावर नेऊ नका. तीच भिंत, तेच अंतर, त्याच सेटिंग. जुन्या फाइल शेजारी ठेवून बघा. फरक पडला नसेल तर दुरुस्तीच्या हमीची मुदत संपायच्या आत, दोन्ही संच सोबत घेऊन, परत पाठवा.